अस्वलाशेजारचा हात

अख्खं घर ज्याला थापाड्या म्हणायचं तो धंद्यानं गवंडी होता, म्हणजे नावाला दोन्ही बाजूंनी टेकू होता. हातात थापी, तोंडात थाप. चाळीस वर्षं त्यानं भिंतींना गिलावा केला आणि तेवढीच वर्षं माणसांना. त्याच्या गोष्टींत चिमण्या विटा वाहायच्या, मुकादम वाऱ्यानं उडून पलीकडच्या गावात पडायचा आणि धूळ झटकून तिथल्याही मजुरांची हजेरी घ्यायचा. कोणी विश्वास ठेवत नसे, आणि त्याचं त्याला काही वाटतही नसे. सल होता तो एवढाच, की हजार थापांत एक गोष्ट शंभर टक्के खरी होती आणि घर नेमकं तिलाच सर्वांत जास्त हसायचं.

तरुणपणी तो समुद्रकाठच्या एका गावात बंदराची भिंत बांधायला गेला होता. गावाच्या पाठीशीच जंगल. पुढे त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. एका सकाळी तो ओल्या गिलाव्यावर थापी फिरवत असताना मागून अस्वल आलं. हा दचकला, तोल गेला आणि डावा हात भिंतीत रुतला. अस्वलानं तो हात नीट पाहिला, थोडा विचार केला आणि शेजारी आपला पंजा उमटवला. मग दोघंही पळाले, हा समुद्राकडे आणि ते जंगलाकडे. हा परत आला तेव्हा गिलावा वाळून खडखडीत झाला होता.

"सही करायला आलं असेल," व्याही दर खेपेला म्हणायचे.

व्याही म्हणजे सुनेचे वडील. जन्मभर तराजू दुरुस्त केलेला माणूस. बोलणंही तसंच, काटा स्थिर झाल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत. दर रविवारी दोघं एका टेबलावर जेवत आणि दर रविवारी अस्वल निघे. शेवटी व्याह्यांनीच पैज लावली. जाऊन बघू. पंजा असला आणि शेजारचा हात तुमचाच निघाला, तर मी चारचौघांत माफी मागेन. नाहीतर यापुढे रविवारी तुम्ही फक्त जेवायचं.

नुसतं जेवायचं! थापाड्याला गोष्टीशिवाय घास उतरत नसे. तरी तो हो म्हणाला. सूनबाईनं गाडी काढली. वाटेत तो इतका गप्प होता की गाडी लागतेय का म्हणून तिनं दोनदा विचारलं.

गावात शिरल्या शिरल्या मात्र त्याची मान ताठ झाली. धक्क्यावर जाळी वाळत होती, आणि प्रत्येक दुकानाच्या दारात टोप्या, पिशव्या, कॉफीचे मग टांगलेले. त्या सगळ्यांवर एकच चित्र, माणसाचा हात आणि अस्वलाचा पंजा. छाती चार बोटं पुढे काढून तो व्याह्यांच्या पुढून चालू लागला. व्याह्यांनी एक मग उचलून पाहिला आणि परत ठेवला.

भिंतीपाशी पर्यटकांचा घोळका होता. खाकी कपड्यांतली एक गाइड सांगत होती, की तो गवंडी साडेसात फूट उंच होता, तो आणि अस्वल तीन दिवस कुस्ती खेळले, कोणीच हरेना, तेव्हा दोघांनी भिंतीवर शिक्का मारून करार केला आणि गवंडी अस्वलाबरोबर जंगलात राहायला गेला. थापाड्या तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. चाळीस वर्षांत हे आपल्याला का सुचलं नाही, असं वाटून त्याला तिचा खरोखर हेवा वाटला.

गोष्ट संपल्यावर तो पुढे झाला आणि हळूच म्हणाला, "तो गवंडी मी."

गाइड गोड हसली. असे गवंडी दर आठवड्याला येतात म्हणाली. घाला हात.

अस्वलाचा पंजा काचेखाली होता, नखांसकट जसाच्या तसा. माणसाचा हात मात्र उघडाच ठेवलेला. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकानं त्यात आपला हात घालून घालून तो परातीएवढा झिजवला होता. थापाड्यानं आपला हात ठेवला तर तो वाडग्यात चमचा पडावा तसा दिसला. लोक हसले. त्यानं हात काढून खिशात घातला आणि समुद्राकडे बघत उभा राहिला.

व्याह्यांनी हा माणूस गप्प बसावा म्हणून कितीतरी रविवार वाट पाहिली होती. आता तो गप्प बसला होता, आणि ते त्यांना बघवेना. त्यांनी घसा साफ केला.

"बाई, तो हात यांचाच. मी तिथं होतो."

गाइडनं विचारलं, कुठे?

"मागे. सिमेंटची बादली धरून. कुस्तीबिस्ती काही झाली नाही. अस्वल मध्यम बांध्याचं होतं. दोघंही घाबरले. हे जरा जास्त."

एवढ्या कोरड्या आवाजात खोटं बोलणारा माणूस जगात असेल असं कुणालाच वाटलं नाही. हसू थांबलं. गाइडनं हातातली काठी काखेत मारली आणि थापाड्याला रीतसर नमस्कार केला. मग लोकांनी त्याला भिंतीशी उभं करून एवढे फोटो काढले, की सूनबाईला रांग लावावी लागली. "आमचे सासरे," ती रांगेतल्या प्रत्येकाला सांगत होती. कोणी विचारलं नव्हतं तरी.

खाणावळीकडे जाताना थापाड्यानं व्याह्यांना गाठलं. "बादली कुठल्या हातात होती?"

"उजव्या."

"बादली मी भिंतीवर ठेवली होती."

व्याह्यांनी क्षणभर काटा स्थिर होऊ दिला. "मग मी भिंत धरून उभा असेन."

थापाड्यानं त्यांच्या पाठीवर अशी सणसणीत थाप मारली की त्यांचा चष्मा नाकावर घसरला.

जेवताना व्याही वेटरला सगळी हकीकत सांगू लागले. डाळ येईपर्यंत अस्वल वीतभर वाढलं होतं, आणि भात येईपर्यंत अस्वलं दोन झाली होती. थापाड्या खाली मान घालून मुकाट जेवत होता, पण चेहरा असा, की जणू पोरगा पहिल्या नंबरानं पास झालाय.

"बाबा, तुम्ही का गप्प?" सूनबाईनं विचारलं.

"श्शू," तो म्हणाला. "व्याही बोलतायत."