पेशंटच्या माणसांची खोली

सूतगिरणी बंद पडली तेव्हा त्या गल्लीतल्या निम्म्या घरांना कुलपं लागली होती. मग टेकडीजवळ हृदयविकाराचं मोठं हॉस्पिटल आलं, लांबलांबून पेशंट येऊ लागले आणि गल्लीत धुगधुगी आली. औषधांची दुकानं निघाली, खानावळी निघाल्या. गल्लीतला शिंपी हॉस्पिटलचे झगे शिवू लागला. "माप घ्यायची कटकट नाही," तो हसायचा, "आजारी माणूस सगळा एकाच मापाचा." त्याच्या शेजारी वहिनींचं घर; गिरणी बंद पडल्यापासून त्यांचा नवरा घरीच होता. वहिनींनी पुढची खोली पेशंटच्या नातेवाइकांना द्यायला सुरुवात केली आणि संसार सावरला.

त्या खोलीत सुतारकाका आले. त्यांच्या बायकोच्या हृदयाची झडप बदलायची होती. ऑपरेशन लांबत गेलं आणि काका घरचेच होऊन गेले. संध्याकाळी रिकामा डबा परत देताना सांगायचे, "आज दोन घास खाल्ले हं तिनं."

ऑपरेशन झालं. बाई शुद्धीवर आल्याच नाहीत.

सगळं उरकून काका परतले ते भिंतीकडे तोंड करून निजले. गावाकडे त्यांचं कुणी उरलं नव्हतं. बरेच दिवस तसेच गेले.

"हॉस्पिटलातून पुन्हा फोन आला," नवरा म्हणाला. "लहान मुलीला घेऊन आईबाप बाकड्यावर झोपतायत. तूच सांग काकांना."

"माझी जीभ रेटत नाही हो."

पण चहा घेऊन त्याच गेल्या. "काका, ही खोली..."

"कळतंय, पोरी. बाहेर ओट्यावर पडलो तर चालेल? कुणाच्या पायात येणार नाही."

वहिनींनी दारात उभ्या नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली, पण हो म्हणाला नाही. त्या कप उचलून आत गेल्या. काकांनी बायकोचे कपडे पिशवीत भरले, तिच्या चपला कागदात गुंडाळल्या आणि निघाले.

दिवेलागणीला वहिनींना राहवेना. त्या हॉस्पिटलात गेल्या. काका प्रतीक्षागृहातल्या खुर्चीत बसले होते. समोर वहिनींचा भाचा उभा होता. तिथल्या पहारेकऱ्याची नोकरी त्याला नुकतीच लागली होती. "मावशी, ज्याचा पेशंट इथं नसेल त्याला बसू देत नाहीत. माझ्यावर येईल."

"चला काका, घरी चला."

"कुठल्या खोलीत?" काकांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. काका पिशवी उचलून फाटकाबाहेर गेले आणि गर्दीत दिसेनासे झाले.

घरी नवी माणसं आली होती. मुलगी झोपली होती, ओठ निळसर. आईनं हळूच विचारलं, "ताई, आधी इथं कोण होतं? त्यांचं माणूस बरं झालं ना?"

वहिनी चादरीची सुरकुती काढत राहिल्या. "हो," त्या म्हणाल्या. "झालं."

"बघा, खोली लाभणारी आहे," ती आपल्या नवऱ्याला म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली.

वहिनी बाहेर आल्या. गल्लीतल्या सगळ्या दुकानांचे दिवे लागले होते. तो उजेड त्यांना सोसवेना.