तीन कापांच्या ताटलीतला रस्सा

मी रस्सा बोलतोय, हंस शिजवायचा. चीनमधल्या शांतौ शहराच्या मासळीबाजारामागे तान बुंग-च्वान यांच्या टपरीत मी जन्मलो. पाणी, सोया सॉस, कुलंजन, चक्रीफूल, लसूण आणि एक जाडजूड हंस, एवढ्यावर माझी सुरुवात झाली. आमच्याकडे असा रस्सा कुणी ओतून देत नाही. रोज उकळायचा, रोज त्यात नवे हंस शिजवायचे आणि गाळून पुन्हा ठेवायचा. म्हणूनच मी आज चौतीस वर्षांचा आहे. मालकांची मुलगी हुई-खिम माझ्याहून दोन वर्षांनी लहान.

मालक रोज सकाळी अठरा हंस आकड्याला अडकवून माझ्यात बुडवायचे, उचलायचे, पुन्हा बुडवायचे. प्रत्येक हंस जाताना मला काहीतरी देऊन जायचा. लोक उभ्यानेच खायचे, बोटं चाटायचे, उरलेला भात माझ्यात कालवायचे. तेव्हा मला कशाची काळजी नव्हती.

मग मालकांचा खांदा गेला. टपरी बंद झाली. हुई-खिमने नव्या पद्धतीचं हॉटेल काढलं होतं, सहा टेबलांचं. ती मला मागायला आली तेव्हा मालक म्हणाले, "ने. पण वर्षाने मी जेवायला येईन. रस्सा नीट सांभाळला नसशील तर उचलून हिओंगला देईन." हिओंग म्हणजे त्यांचा पुतण्या. त्याचीही बाजारात हंसाची टपरी आहे.

हुई-खिमने मला चकचकीत पातेल्यात ठेवलं. परातीएवढ्या ताटलीत हंसाचे तीन पातळ काप, शेजारी माझे पाच थेंब. लोक आधी फोटो काढत आणि काप गार होत. मी आतून पातळ होत चाललो होतो. कुणाला सांगणार?

काल दुपारी मालक आले. सोबत त्यांचे मित्र खोऊ काका होते.

काका ताटलीकडे बघत राहिले. "पोरी, बाकीचा हंस उडून गेला का गं?"

"काका, आधी चव तर बघा."

"बघतो की. आपल्याकडे चहा घोटभरच देतात, त्याची तक्रार नाही. पण हंसही घोटभर? एवढ्या पैशात बाजारात अख्खा येतो, मानेसकट!"

मालक हसले नाहीत. त्यांनी काप बाजूला सारले आणि चमच्याने फक्त मला चाखलं. मग दुसऱ्यांदा चाखलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

"साखर वाढवलीस," ते म्हणाले.

"थोडीशी, आबा."

"सोयाही."

हुई-खिमने होकारार्थी मान हलवली.

"रोज किती हंस शिजवतेस?"

"दोन." मग आणखी हळू आवाजात, "कधी एकच. सहा टेबलांना तेवढे पुरतात."

"टेबलांना पुरतात गं. याला कसे पुरतील?" मालकांनी चमचा खाली ठेवला. "हा उपाशी आहे. तू हात राखून वाढलंस, त्यात हाही उपाशी राहिला."

खोऊ काकांनी बाजूला सारलेला एक काप तोंडात टाकला. "कापलाय मात्र सुरेख," ते पुटपुटले. "तुझ्या बापाला आयुष्यात असा कापता आला नाही."

हुई-खिमचे डोळे भरले होते. पण ती उठली. तिने स्वतःच माझ्यावर झाकण ठेवलं आणि फडक्याने घट्ट बांधलं. बांधता बांधता म्हणाली, "आबा, सकाळी हिओंगदादाच्या टपरीवर मी येऊ? हंस बुडवायला?"

"खांदा दुखेल."

"दुखू दे. येताना घागरभर रस्सा आणीन. माझ्या टेबलांपुरता."

मालक उठले. त्यांनी पातेलं एका बाजूने धरलं. दुसरी बाजू तिने धरली.

आज सकाळी माझ्यात चौदा हंस उतरले. हुई-खिम चुकत होती. आकडा तिच्या हातून दोनदा सुटला आणि हिओंग ओरडला, "अगं, ही काय ताटली सजवायची आहे का!" माझ्यात पुन्हा जीव येतोय. तिच्या हॉटेलाचं मात्र मला ठाऊक नाही. काल संध्याकाळी चार टेबलं रिकामी होती म्हणे.

तुम्ही कधी तिच्याकडे गेलात, तर महाग आहे म्हणा, खुशाल म्हणा. पण रिकामी ताटली परत पाठवून आणखी मागा. तुमची भूक मोठी असली तरच मी जगतो.