दांडी कुठून कापायची

उस्तादांच्या सलूनमधल्या खुर्चीत बसून गल्लीतल्या भल्याभल्यांनी मुकाट्याने मान खाली घातली होती. रडक्या पोरांना ते गप्पांत असे गुंतवत, की कात्री कधी फिरली ते आयांनाही कळायचं नाही. अशा माणसाला महिनाभरापासून दोन गोष्टी कापवत नव्हत्या. एक, दुकानाच्या खिडकीतल्या ऑर्किडच्या दांड्या. दुसरी, बायकोचे केस.

ऑर्किड बायकोचं. घरात उजेड कमी म्हणून तिने ते दुकानात आणून ठेवलं होतं आणि कुणी हात लावायचा नाही असा आल्यागेल्याला दम भरला होता. यंदा दोन दांड्यांवर भरभरून फुलं आली. मग तिची दवाखान्याची ये-जा सुरू झाली आणि फुलं एकेक करत गळली. त्याच सुमाराला तिचे केसही जायला लागले. औषधाने केस जातील आणि नंतर परत येतील, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. ती जागी व्हायच्या आत उस्ताद उशीवरचे केस वेचून खिशात टाकत. तिला याचा पत्ता नाही अशी त्यांची समजूत होती, आणि ती मोडू नये म्हणून बायको डोळे मिटून पडून राही.

हे असं झडण्यापेक्षा एकदाचे काढून टाका, असं तिने कितीदा तरी सांगितलं. उस्तादांची निमित्तं तयार असत: आज वस्तऱ्याला धार नाही, आज गर्दी आहे, बघू पुढच्या आठवड्यात. लग्न झाल्यापासून तिचे केस त्यांनीच कापले होते, पण टोकाला बोटभर. त्याच्या वर त्यांची कात्री कधी गेली नव्हती.

पोस्टमन दाढीला आला की विचारी, या काठ्या विकायला ठेवल्यात का. उस्ताद ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि गिऱ्हाइकाचे केस भिजवायच्या स्प्रेने दोन्ही दांड्यांना अंघोळ घालत.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती डोक्याला रुमाल बांधून दुकानात आली. कुंडी बघून तिला हसूच आलं.

"अहो, एक दांडी वाळून काडी झालीय. तिला कशाला पाणी मारताय?"

"जिवाला बरं वाटतं."

"कुणाच्या?"

उस्तादांनी स्प्रे खाली ठेवला.

तिने स्टूल ओढलं आणि त्यांना कामाला लावलं. आधी वस्तरा स्पिरिटने पुसायला लावला; झाडाचीही जखम चिघळते म्हणाली. मग हिरवी दांडी. खालून पेरं मोजायची, दोन ठेवायची आणि दुसऱ्याच्या बोटभर वर कापायचं. त्या पेरातून नवा फाटा फुटतो.

"नक्की फुटेल?" उस्तादांनी विचारलं.

"नक्की कोण सांगणार? आपण फुटायला जागा ठेवायची."

उस्तादांनी श्वास रोखून कापलं. मग वाळलेल्या दांडीलाही त्यांनी तेवढ्याच उंचीवर वस्तरा लावला, तेव्हा तिने मान हलवली.

"ती बुडापासून. तिच्यात काही उरलेलं नाही. झाड खाली आहे, पानं बघा कशी टवटवीत आहेत."

दांडी हातात आली तेव्हा तिला वजनच नव्हतं.

मग ती उठली, आपणहून खुर्चीत बसली आणि तिने रुमाल सोडला. जागोजागी डोकं उघडं पडलं होतं. उस्तादांनी तिच्या गळ्याशी कापड बांधलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून गेलंच, "किती ठेवू?"

बोलले आणि त्यांचे डोळे भरून आले.

ती आरशातून त्यांच्याकडे बघत होती. "वाळलेली दांडी कुठून कापायची?"

उस्तादांनी खिडकीतल्या कुंडीकडे पाहिलं. तिने घाई केली नाही.

"बुडापासून," ते म्हणाले.

"आणि झाड?"

"झाड आहे."

त्यांनी बाहीने डोळे पुसले, वस्तरा पुन्हा स्पिरिटने पुसला आणि खुर्ची खिडकीकडे, उजेडात फिरवली.