काट्याची नक्षी

भजनाच्या बैठकीला येणाऱ्यांना उभ्या उभ्या एका हातात धरून खाता यावीत, म्हणून दोघी जावांनी सकाळपासून पॅटिस भरली. बहुतेकांत झणझणीत सारण, थोड्यांत बिनमिरचीचं. ही फिकी पॅटिस गाणाऱ्या बुवांसाठी होती, कारण तिखट पोटात गेलं की त्यांचा आवाज बसतो. ओळखायला काट्याने कड दाबायची, असं ठरलं होतं.

भट्टीतून ट्रे निघाल्यावर थोरलीने सहज विचारलं, "काट्याची ती तिखट ना गं?"

"छे हो ताई, काट्याची ती फिकी."

थोरली ट्रेवर वाकली. तिने तिखटांवर नक्षी उमटवली होती, धाकटीने फिक्यांवर, आणि आता सगळी एकाच ट्रेमध्ये.

तिने नक्षीचं एक चाखलं, फिकं. दुसरं चाखलं, तिखट. तिसऱ्यापासून जिभेला काहीच उमगेना.

"चाखून संपवणार का तुम्ही?" धाकटी म्हणाली.

"मला आता पाणीही तिखट लागतंय."

तेवढ्यात बुवा स्वयंपाकघराच्या दारात. "वास छान सुटलाय. माझं कुठलं?"

थोरलीला खोटं बोलवेना. "यातच आहे, बुवा. पण कुठलं, ते देवालाच ठाऊक."

बुवांनी ट्रेकडे पाहिलं, मग तिच्या पाणावलेल्या डोळ्यांकडे. "मग आधी त्याचं नाव गातो, नंतर खातो. तेव्हा आवाज बसला तर बसू दे."

ते गेल्यावर थोरलीने पदराने डोळे पुसले. "हे आपल्याला का नाही सुचलं गं?"

"सुचायला जीभ थाऱ्यावर लागते, ताई."