दोन सेकंदांचा आवाज

"परत एकदा. चावी एकच घर फिरवा, स्टार्टर मारू नका," कानमास्तर गाडीच्या मागच्या दारातून आत वाकून म्हणाले. मागची सीट काढून त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली होती आणि उघड्या पत्र्यावर, पेट्रोलच्या टाकीच्या बरोब्बर वर, उजवा कान लावला होता.

पुढे बसलेल्या नर्सबाईंनी चावी फिरवली. मास्तर डोळे मिटून थोडा वेळ थांबले आणि मग डोकं बाहेर काढलं.

"पंप गेला," ते म्हणाले.

"गेला म्हणजे?"

"म्हणजे मेला. चावी फिरवली की दोन सेकंद त्याचा घूं असा आवाज येतो. तो पेट्रोल पुढे ढकलतो, मग गाडी पेटते. आवाज नाही, म्हणजे पंप नाही. टाकी उतरवावी लागेल. आजचा दिवस गेला म्हणा."

नर्सबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून गेले होते आणि त्यांची ड्यूटी दोनला सुरू होत होती. पण मास्तरांनी पंप गेला म्हटल्यावर पुढे बोलायची सोय नव्हती. चाळीस वर्षं हा माणूस बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून गाडीचा रोग सांगत आला होता. लोक लांबून फोन करायचे, रिसीव्हर इंजिनपाशी धरायचे, आणि इकडून मास्तर कोणत्या झडपेचं टॅपेट वाजतंय ते नंबरासकट सांगायचे. 'कानमास्तर' हे नाव त्यांना गॅरेजमधल्या पोरांनी चेष्टेत दिलं आणि ते जन्माचं चिकटलं. बायको म्हणायची, "गाड्यांचं सगळं ऐकू येतं, माझं तेवढं येत नाही." मास्तर त्यावर हसायचे आणि खरोखरच ऐकायचे नाहीत.

आता नव्या गाड्यांना कॉम्प्युटर लावून रोग शोधतात. मास्तरांच्या वाट्याला उरल्या होत्या त्या अशा वीस-पंचवीस वर्षं जुन्या गाड्या आणि त्या विकायचं जिवावर येणारे त्यांचे मालक. नर्सबाईंची ही गाडी त्यांतलीच. कालपासून इंजिन नुसतं फिरत होतं, पेटत नव्हतं.

"पण मास्तर," नर्सबाई मागे वळून म्हणाल्या, "घूं तर होतंय."

"तो पंख्याचा आवाज असेल."

"पंखा बंद आहे. मागूनच येतोय, तुम्ही कान लावलाय तिथूनच. आत्ताही आला."

गाडीचे मालक काहीबाही बोलतात, त्यांना हसून घ्यायचं असतं, एवढं मास्तरांना अनुभवाने ठाऊक होतं. ते हसले. बाईंची समजूत पटावी म्हणून त्यांनी पत्र्यावर हाताचा पंजा पसरला आणि म्हणाले, "फिरवा बरं परत."

पंजाखाली पत्रा थरथरला. दोन सेकंद, आणि थांबला.

"परत."

पुन्हा थरथरला.

मास्तरांनी पत्र्याला पुन्हा कान लावला, मग डावा लावून पाहिला. थरथर गालाला कळत होती, आवाज मात्र कुठेच नव्हता. चाळीस वर्षांत त्यांनी चुकीचं निदान केलं नव्हतं असं नाही, पण कानामुळे कधीच केलं नव्हतं.

त्यांनी सीट उचलून जागेवर बसवली आणि पुढे जाऊन बॉनेट उघडलं. पंप ठीक म्हणजे पेट्रोल येतंय. मग राहिली ठिणगी. त्यांनी एका प्लगची वायर ओढून काढली, खिशातला जुना प्लग तिला लावून इंजिनाच्या लोखंडावर टेकवला आणि स्टार्टर मारायला सांगितलं. ठिणगीचं नाव नाही.

मग ते ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉइलपासून निघणारी जाड काळी वायर बोटांमध्ये धरून इंचाइंचाने वाकवत गेले. वरून वायर नवीकोरी दिसत होती. अर्ध्यावर आल्यावर एका जागी ती नको तितकी सहज दुमडली. आतली तार तिथे तुटली होती. मास्तरांनी पेटीतून तशीच एक जुनी वायर काढून जोडली.

"मारा आता."

गाडी दुसऱ्या झटक्यात सुरू झाली. ती धडधड मात्र त्यांना ऐकू आली, आणि एवढ्याशा गोष्टीने त्यांचा जीव भांड्यात पडला.

ते हात पुसत असताना नर्सबाई उतरून त्यांच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या आणि सावकाश बोलू लागल्या. वॉर्डात रोग्याशी बोलतात तशा.

"मास्तर, तुम्ही बॉनेटमध्ये वाकला होतात तेव्हा मी मागून तीनदा विचारलं, पाणी देऊ का."

"कामात लक्ष होतं, सिस्टर."

"आणि काल संध्याकाळी मी तुमच्या घरी आले होते. कितीतरी वेळ बेल वाजवली. आत दिवा दिसत होता, म्हणून चिठ्ठी सरकवून गेले."

चिठ्ठी मास्तरांना आज सकाळी दारात सापडली होती. बाई बेल न वाजवताच गेल्या याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं होतं.

"बेल बिघडली असेल," ते म्हणाले.

"असेल. आमच्याकडे बुधवारी कानाचे डॉक्टर असतात. मी असते तिथे. या ना."

"आधी बेल बघतो," मास्तर म्हणाले आणि पेटी उचलून निघाले.

वाटभर ते एकच घोकत होते, बेल बिघडलेली असू दे. दोन वर्षांपूर्वी बायको गेली आणि घर गप्प झालं. माणूस गेलं की घर गप्प होतंच, त्यात नवल कसलं, असं ते धरून चालले होते. भिंतीवरचं घड्याळ टकटक करेनासं झालं, नळ ठिबकेनासा झाला, ते सगळं त्यांनी तिच्याच खात्यावर टाकलं. तिच्यामागे मास्तरांना एक शिंपी मित्र तेवढा उरला होता. दर रविवारी चारला बुद्धिबळाला यायचा. महिन्यापूर्वी एका डावात त्याने चाल मागे घेतली, त्यावरून दोघांत शब्दाला शब्द लागला, आणि तेव्हापासून तो आलाच नाही. फोनसुद्धा नाही. पुढचे चारही रविवार मास्तर पट मांडून, दोन्हीकडच्या सोंगट्या लावून आतल्या खोलीत बसून राहिले होते. रुसायचं तर रुसू दे, म्हणाले होते. पण सहा वाजता सोंगट्या डब्यात भरताना त्यांना रडू आवरत नसे, हेही खरं.

घरी पोचल्यावर त्यांनी दार सताड उघडलं, स्टुलावर चढून दाराच्या वरच्या बेलचं झाकण काढलं. जुनी बेल होती, पितळी वाटीची. आत हातोडीला गंज नव्हता. टेस्टर लावला, करंट येत होता. बाहेरचं बटण उघडून पाहिलं, आतल्या पट्ट्या स्वच्छ होत्या. वायरही त्यांनी बोटांनी इंचाइंचाने चाचपली. कुठेच काही सापडेना. एखादा तरी सांधा सुटलेला निघावा म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच ते देवाला विनवत होते.

शेवटी उंबऱ्यात उभं राहून त्यांनी हात बाहेर काढला, बटण दाबलं आणि मान वर केली. हातोडी जोरजोरात वाटीवर आपटत होती. मास्तर बघत राहिले. घरात कमालीची शांतता होती.

समोरचं दार उघडलं. शेजारच्या काकू डोळे चोळत बाहेर आल्या आणि त्यांच्यासमोर येऊन म्हणाल्या, "मास्तर, कुणाला बोलावताय? दार तर उघडंच आहे."

"बेल तपासतोय. तुम्हाला ऐकू येतेय?"

"येतेय म्हणजे? दुपारची झोप मोडली माझी. तुमचे ते शिंपी आले होते तेव्हाही अशीच वाजत होती. मागच्या रविवारी, त्याच्या आदल्याही रविवारी. बिचारे किती वेळ उभे होते. शेवटी मीच त्यांना म्हटलं, मास्तर बाहेर गेले असतील."

मास्तरांचं बोट अजून बटणावरच होतं.

"नाही," ते म्हणाले. "मी आतच होतो."