एकेक बैल

एक बैल मनकर्णाबाईचा. एक तिच्या दिराचा, पुंजाजीचा. इंझोरीत दोघांची शेतं लागून.

एका बैलानं पेरणी होत नाही.

पुंजाजीनं सुचवलं होतं: वैनीनं बैल आपल्याला कायमचा द्यावा, तिचं शेत आपण दरसाल पेरून देऊ. नवरा गेल्यापासून एकटीच ती. तिलाही ते सोपं वाटत होतं. उद्या सकाळी तो न्यायला येणार.

तिचा धाकटा भाऊ जानराव सुटीत आलेला. वाशिमला शाळेत विज्ञान शिकवायचा. ओट्यावर फेऱ्या घालत धडा घोकत होता: अणू एकमेकांना धरतात कसे. ती खडेमीठ वाटत होती. म्हणाली, मलेच शिकव.

मीठ, मग.

सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन. क्लोरीनला एकाची उणीव. सोडियम देतो, क्लोरीन घेतो. देणारा धन होतो, घेणारा ऋण, आणि त्या ओढीनं दोघं चिकटून.

"घेते थो ऋण," ती हसली. "नाव बराबर ठेवलं."

मग विचारलं, मीठ पाण्यात इरघळलं तं? दोघं वेगळे होतात, जानराव म्हणाला.

"अन् देल्लेला?"

"तो घेणाऱ्यापाशीच राह्यते, बाई."

वरवंटा थांबला.

आता पाणी.

इथं देणंघेणं नाही. प्रत्येक हायड्रोजन आपला एक पुढं करतो, ऑक्सिजन त्याच्यासाठी आपला एक. जोडी दोघांची. ऑक्सिजन जोराचा, जोडी स्वतःकडं ओढतो. पण हायड्रोजनचा वाटा सुटत नाही.

ती म्हणाली, ही तर सावड. एकेक बैल जोडायचा, आळीपाळीनं दोघांची शेतं करायची.

सकाळ. पुंजाजी, हातात दावं.

"बैल नाई देत, भाऊजी. सावड करू."

"भरोसा नाई का, वैनी?"

"हाये नं. तुमचाही असन तं तुमचा बैल बांधा माह्या गोठ्यात."

पुंजाजी दाव्याचा पीळ उलगडू लागला. मग म्हणाला, पयले माह्यं वावर. जानराव काही बोलणार, तोच ती हो म्हणाली.

जू मानेवर. दोन्ही बैल एकमेकांना नवखे. मातीत उठणारं तास वाकडं, पुन्हा वाकडं.

"तुमचा लय वढते, वैनी."

"तुमचा थांबून राह्यला."

दुपारपर्यंत तास बरं येऊ लागलं होतं.