टाचेखालचा उंचवटा

क्रिकेटच्या सामन्याची खेळपट्टी कुठे आखायची ते पाहुण्या संघाने ठरवायचं, अशी आमच्या इंग्लंडातल्या ससेक्सच्या खेड्यांतली रीत. आमच्या संघासाठी ती जागा माझा नवरा, एमस टपेन, लग्नाआधीपासून हुडकत आलाय. बूट काढून नुसत्या मोज्यांनिशी गवतात फिरायचा. टाचेला उंचवटा लागला की तिथे काठी रोवायचा. मग कमरेखालून हात झुलवून चेंडू नेमका त्या उंचवट्यावर टाकायचा. चेंडू वाकडा उसळला की फलंदाज आमच्याकडे असे बघत, जणू आम्ही जमीन घरूनच आणली होती.

यंदा मात्र फलंदाज दोन पावलं पुढे येऊन, चेंडू उंचवट्यावर पडायच्या आतच तो टोलवायला लागले. त्यात आमच्या संघात ल्यूक स्टेनिंग आला. हात खांद्याएवढा उंच नेऊन जोरात टाकणारा. त्याला सपाट जमीन लागते.

त्या सामन्याच्या सकाळी आमचे खेळाडू घोडागाडीतून बिअरचं पिंप उतरवत होते, तेव्हा कप्तान गार्लंडसाहेब म्हणाले, "एमस, जागा तूच बघ. उंचवटा मिळाला तर तू टाक. नाही मिळाला तर ल्यूक."

"बरं, साहेब."

"काका, हात वर जात नसेल तर मी धरतो की," ल्यूक म्हणाला. सगळे हसले. एमसही.

"तुझा जातोय ना? मग पिंप धर," मी म्हटलं. त्याने धरलं.

एमस मैदानाच्या मधोमध थांबला. भार उजव्या टाचेवर, मग डावीवर, परत उजवीवर. उंचवटा सापडला होता. त्या टाचांचे मोजे मी इतकी वर्षं रफू केलेत, मला विचारावं लागत नाही.

मग तो तसाच पुढे गेला आणि सपाट जागी काठी रोवली.

गाडीच्या कडेला बसून तो बूट चढवायला लागला.

"नव्हता?" मी विचारलं.

"नव्हता."

मी त्याला मटण भरून भाजलेली पोळी दिली. त्याने अर्धी खाल्ली.

"मीठ कमी आहे."

मीठ बरोबर होतं. "असेल," मी म्हटलं.

ल्यूकने भराभर गडी बाद केले. मधल्या सुट्टीत खेळाडूंना बिअर द्यायला मी मैदानातून गेले. वाटेत तो उंचवटा पायाला लागला, चादरीखाली पाव ठेवावा तेवढा. चांगला होता.

परत येऊन मी बिअरचे पेले विसळले.